लोकलहोस्ट म्हणजे कुणाचं घर

सार्किवारा, ६ जानेवारी

प्रिय मेर्वी,

नाताळात मी फोन केला नाही म्हणून तू फुगून बसली असशील. तो फुगा आधी उतरव, कारण मला तुझ्याकडे काम आहे. तुझा मामा गरजेशिवाय लिहीत नाही हे तुला ठाऊक आहेच, त्यामुळे उगाच गोड बोलण्यात वेळ घालवत नाही.

स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर मी एक छोटा कॉम्प्युटर ठेवलाय आणि त्याला कॅमेरा लावलाय. कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम आधी लॅपटॉपवर करून पाहिला, मग तोच तिकडे चढवला. उणे पंचवीसला नळ गोठले तर निदान घरात नसताना कळावं, एवढाच हेतू. पुढच्या आठवड्यात मला औलूला जायचंय. आमच्या जुन्या रेडिओवाल्यांच्या मंडळाची कागदपत्रं लावायची आहेत, चार-सहा दिवस सहज मोडतील. तिथून मला लॅपटॉपवर हे स्वयंपाकघर दिसायला हवं.

पण घरचं नेट मोबाइलच्या सिमकार्डावर चालतं आणि ते बाहेरच्याला आत घेत नाही. सुरक्षित बोगदा काढता येतो, पोर्ट पुढे सरकवता येतं, असं मी वाचलं. वाचून कळलं ते एवढंच की हे काम तुझं आहे. पन्नास वर्षं रेडिओ उघडले, पण त्यात निदान तारा दिसत तरी होत्या.

कुणालाही डोकावता येईल असलं काही नको. तुझी मामी लेम्पी बरी आहे. तुझी आठवण काढते.

जरा लवकर लिही.

तुझा तौनो मामा

*

तुर्कू, ७ जानेवारी

प्रिय मामा,

फुगा उतरवला. नळांसाठी कॅमेरा हे मात्र पटलं नाही. तू नसताना मामी कॉफीबरोबर किती गोड पाव खाते हे तुला मोजायचं असणार. मी तिला सांगणार आहे.

आता कामाचं. तुझ्या घराच्या नेटला बाहेरून धड पत्ताच नाही. तू औलूत बसून कितीही ठोठावलंस तरी दार सापडणार नाही. पण घरातला कॉम्प्युटर स्वतः बाहेर पडू शकतो. म्हणून आधी त्यानं बाहेर पडायचं, माझ्या तुर्कूच्या सर्व्हरपर्यंत यायचं आणि तिथे ती वाट उघडी धरून थांबायचं. तू औलूहून माझ्या सर्व्हरवर यायचं आणि त्याच वाटेनं उलटं घरात शिरायचं. सगळी वाट एसएसएच नावाच्या सांकेतिक कुलपात असते, मधल्या कुणालाही काही दिसत नाही. थोडक्यात, हे दार आतूनच उघडतं.

खाली दोन कमांड दिल्यात. पहिली घरच्या कॉम्प्युटरवर द्यायची, दुसरी लॅपटॉपवर. किल्लीच्या फाइल वेगळ्या ईमेलनं पाठवल्यात, त्या दोन्हीकडे ठेव. पहिल्या कमांडमध्ये ‘लोकलहोस्ट’ असा शब्द आहे, तो बदलायला जाऊ नकोस. लोकलहोस्ट म्हणजे घरचाच कॉम्प्युटर.

आणि मंडळाची कागदपत्रं लावायला चार-सहा दिवस? तुम्ही सगळे म्हातारे कॉफी पीत बसणार आणि एकमेकांच्या अँटेना मोजणार, हे मामीला माहीत आहे का?

मेर्वी

*

औलू, १३ जानेवारी

प्रिय मेर्वी,

चाललं. इथल्या ग्रंथालयाच्या नेटवरून पहिल्यांदा जमेना, कारण साध्या वेबपानांपलीकडे ते काही बाहेर सोडत नाही. पण तू काल सर्व्हरचं दार वेबपानांच्याच पोर्टवर हलवून दिलंस आणि लगेच आमचं स्वयंपाकघर समोर उभं राहिलं. खिडकीवरचा बर्फसुद्धा दिसतो.

आणि लेम्पी दिसते. सकाळी ती कॉफीचा कप घेऊन येते आणि टेबलाशी अगदी कॅमेऱ्यासमोर बसते. केस नीट बांधलेले असतात, अंगावर चांगला स्वेटर असतो. दुपारी परत येते, विणकाम घेऊन. मी घरात असताना ही बाई कधी इतकी स्वस्थ बसलेली मला आठवत नाही. तिला पाहिलं की माझंही चित्त जागेवर येतं.

एक विचारायचंय. ही वाट मध्येच तुटली तर? आपोआप परत जोडली जाईल असं काही करता येतं का? म्हणजे घरी कुणी हात न लावता? याचं उत्तर शक्य तर आजच दे. तुझ्या सर्व्हरची वीज गेली तर दुसरा सर्व्हर असतो का, तेही सांग.

तू स्वतः मात्र ते चित्र उघडून पाहू नकोस. लेम्पीला आवडणार नाही.

तौनो मामा

*

तुर्कू, १३ जानेवारी

मामा,

तू घरात नसताना बायको नटून स्वस्थ बसते, यावरून काय समजायचं ते समज.

वाट तुटली की घरचा कॉम्प्युटर स्वतःच परत हाक मारेल असं करून दिलंय. सोबतची फाइल मीच तुझ्या बोगद्यातून घरी पाठवली आणि चालू केली. चित्र उघडलं नाही, शपथ. आता नेट गेलं, माझा सर्व्हर बंद पडला, काहीही झालं तरी तो उठून परत येईल. फक्त त्याची वीजच कुणी काढली तर माझा इलाज नाही. दुसरा सर्व्हर वगैरे काही नाही. नळांसाठी मी दुसरा सर्व्हर ठेवणार नाही.

तू इतका अस्वस्थ का आहेस? ग्रंथालयात एवढा वेळ बसतोस तर एखादं पुस्तक काढ. मंडळ संपलं की घरी जा. मामीला मी काल फोन केला होता, उचलला नाही. विसरली असेल. हल्ली तिचं विसरणं वाढलंय का?

मेर्वी

*

औलू, १७ जानेवारी, सकाळी

मेर्वी,

वाट तुटली. काल दुपारी लेम्पी उठून कॅमेऱ्याच्या जवळ आली, तिचा हात दिसला आणि चित्र गेलं. तेव्हापासून मी दर थोड्या वेळानं पाहतो, पण तुझा सर्व्हर सांगतो की पलीकडे कुणी नाही. आपोआप परत येईल म्हणाली होतीस. आलं नाही.

विसरण्याचं विचारलंस. सगळेच विसरतात.

काय करू ते सांग. फोनवर बोलायला जमणार नाही, इथे शांतता पाळावी लागते.

तौनो

*

तुर्कू, १७ जानेवारी

मामा,

मामीनं साफसफाई करताना प्लग काढला असणार, दुसरं काही नाही. तू तिला फोन करून लावायला सांग. ती उचलत नसेल तर आर्मासला सांग, तळ्याच्या पलीकडे तर राहतो, बर्फावरून येईल तो पटकन. नाहीतर उद्या घरी जा. मंडळाच्या कागदांना काय मुंग्या लागणार आहेत?

मला आता मीटिंग आहे.

मेर्वी

*

औलू, १७ जानेवारी, दुपारी

मेर्वी,

आर्मासला सांगायचं नाही. का ते विचारू नकोस.

मी दुसरा उपाय केलाय. घरचा कॉम्प्युटर कमांड देत नसेल तर मीच इथून दिली, तू लिहिलेली पहिली, अक्षरही न बदलता. लोकलहोस्ट म्हणजे घर, असं तूच म्हणालीस. तेव्हा वाट घरी पोचायला हरकत नाही. कसलीही तक्रार न करता चालू झाली, म्हणजे लागली असावी. पण मला बघायला वेळ मिळाला नाही, मला आत बोलावतायत आणि नंतर बराच वेळ डोळे उघडे राहतील असं वाटत नाही.

तू उघडून बघ. मी नको म्हणालो होतो ते विसर. लेम्पी टेबलाशी आहे का, एवढंच मला लिही. उठल्यावर पहिल्यांदा तेच वाचीन.

तौनो

*

तुर्कू, १७ जानेवारी, संध्याकाळी

मामा,

मी उघडून बघितलं.

टेबल दिसलं नाही. छताचा लांब दिवा दिसला, पलंगाची लोखंडी कड, औषधाची पिशवी लटकवलेली काठी. आणि पट्ट्यापट्ट्यांच्या सदऱ्यात तू, उताणा, तोंड उघडं टाकून झोपलेला. नर्स आली, तिनं तुझ्या छातीवरच्या तारा तपासल्या आणि लॅपटॉप जरा बाजूला सरकवला. मी हातातली कॉफी तशीच धरून बघत राहिले.

आधी चूक कुठे झाली ते सांगते, कारण तेवढं मला शांतपणे सांगता येईल. लोकलहोस्ट हे कुठल्याही घराचं नाव नाही. पहिली कमांड ज्या यंत्रावर देशील त्याच यंत्राला ते ‘इथे, माझ्याकडे’ म्हणतं. घरच्या कॉम्प्युटरनं म्हटलं तर ते तुझं स्वयंपाकघर. तू लॅपटॉपवर म्हटलंस, तेव्हा ते झालं तुझं अंथरूण. घरची वाट तुटून जागा रिकामी होती, तिथे तुझा लॅपटॉप जाऊन बसला आणि त्यावर तू आधी करून पाहिलेला कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम चालूच होता. मीही घाईत चुकीचं समजावलं, ते माझं.

आता बाकीचं. ग्रंथालय म्हणे. मंडळ म्हणे. शांतता पाळावी लागते म्हणे. तुला काय झालंय? आणि मामी तिथे एकटी आहे ना? किती दिवस? तिला नक्की काय काय आठवत नाही?

मी आर्मासला फोन केला. तुझी परवानगी विचारली नाही. तुझं काही सांगितलं नाही, फक्त तुमच्या धुराड्यातून धूर येतोय का एवढं विचारलं. तो म्हणाला, येतोय, सकाळपासून येतोय.

उठलास की लिही. खोटं लिहू नकोस, मला आता तुझा चेहरा दिसतो.

मेर्वी

*

औलू, १८ जानेवारी

प्रिय मेर्वी,

काल झोपेचं औषध देऊन पुन्हा तपासलं. हृदयाच्या तीन नळ्या बंद आहेत. म्हणजे नळांचं मी अगदीच खोटं बोललो नव्हतो. दोन दिवस तपासायला बोलावलं आणि मग सोडेनात. छाती उघडायची म्हणतात. दोनदा तारीख दिली, दोनदा मी नाही म्हटलं. छाती उघडली की निदान दोन दिवस माणूस शुद्धीवर नसतो, आणि तेवढा वेळ तिच्याकडे कोण बघणार?

लेम्पीला चूल पेटवता येते, कॉफी येते, कपडे येतात. वार आठवत नाही. विजेच्या शेगडीचा फ्यूज मी काढून ठेवलाय. आर्मास दूध आणि पाव आणून देतो, त्याला मी डोळ्यांच्या ऑपरेशनचं सांगितलंय. तो माणूस चांगला, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. त्याला कळलं की तालुक्याला कळणार. फोनचं म्हणशील, तर घंटा वाजली की ती दार उघडायला जाते. बाहेर कुणी नाही हे बघून परत येते. तू बारा तारखेला फोन केलास तेव्हाही ती दारात जाऊन उभी राहिली असेल.

तुला का सांगितलं नाही, तेही आता लिहितो, कारण ते आत धरून ठेवायची माझी ताकद संपली. तू हिल्क्काला, तुझ्या आईला, दोन आठवड्यांसाठी म्हणून त्या वृद्धांच्या केंद्रात नेलंस. माझी बहीण तिथून परत आली नाही. तू वाईट आहेस असं मी कधी म्हटलं नाही. पण तुला कळलं असतं तर तू तालुक्याच्या समाजकल्याण खात्याला फोन लावला असतास, एक शहाणी बाई फाइल घेऊन आली असती आणि लेम्पीला कायानीच्या केंद्रात ठेवलं असतं आणि मला इथे. एकावन्न वर्षांत आम्ही वेगळं जेवलेलं मला आठवत नाही.

स्वयंपाकघर दिसत होतं तोवर मी इथे राहू शकत होतो. ती बरी होती, मी रोज बघत होतो. चूल पेटलेली, ती शांत, विणतेय. यात काय चूक होती ते सांग.

तू तालुक्याला फोन केलास तर मी सही करून इथून निघेन आणि बसनं घरी जाईन. मला अडवता येणार नाही, मी विचारून घेतलंय.

तौनो

*

सार्किवारा, १९ जानेवारी

प्रिय मामा,

मी तुमच्या स्वयंपाकघरातून लिहितेय. तुझं पत्र पोचलं तेव्हा मी निम्म्या वाटेत होते. वाटेतल्या पेट्रोलपंपावर वाचलं आणि पार्किंगमध्ये रडले, मग चिडले, मग परत गाडी चालू केली. आईबद्दल जे लिहिलंस ते लागलं. मी तेव्हा बरोबर केलं की चूक ते मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि आज ते ठरवायला बसणार नाही.

मामी सुखरूप आहे. आधी ते घे आणि श्वास सोड.

मी दार वाजवलं तर ते लगेच उघडलं. इतकं लगेच, की ती दारामागेच असली पाहिजे. तशी ती होतीच. दाराच्या आतल्या बाजूला खुर्ची ओढून ठेवलीय, त्यावर उशी आहे, पायाशी घोंगडी आहे. मामी अंगात कोट घालून, डोक्यावर लोकरी टोपी घालून होती. मला हिल्क्का म्हणाली. मी हिल्क्का झाले.

कॉम्प्युटरचा प्लग काढून वर नीट गुंडाळून ठेवला होता. मी सहज म्हटलं की मामी, हा लावूया का परत, तौनोला तू दिसत नाहीस म्हणून तो काळजीत आहे. तिनं नको अशी मान हलवली. मग जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते, कारण मला त्यातला एक शब्दही हलवायचा नाही.

“तो बघतो म्हणून मी तिथे जाऊन बसते गं. केस बांधते, चांगला स्वेटर घालते. घाबरलेली दिसले तर तो धावत येईल, आणि त्याला धावायचं नाहीये, त्याच्या छातीत दुखतं. बसून झालं की मी परत दाराशी येते. घरात फार आवाज येतात. पण त्या दिवशी मला बसवेना, हिल्क्का. हात थरथरायला लागले, विणकाम सुटलं. ते त्याला दिसलं असतं. म्हणून बंद केलं.”

मामा, तिला तुझ्या छातीचं माहीत होतं. कुणी सांगितलं ते तिला आठवत नाही, पण माहीत होतं. तू दिवसभर तिच्याकडे बघत होतास आणि ती तुला दिसायला हवी तेवढीच दिसत होती. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर तीन पावलांवर ती खुर्ची होती.

मी तुझ्यावर ओरडायचं ठरवून आले होते. आता ओरडावंसं वाटत नाही. तुम्ही दोघांनी मिळून एकमेकांना फसवलंत आणि त्यात मी तार जोडून दिली.

मग मी एक केलं. तुझी ती चुकीची वाट अजून चालू आहे. मी माझा लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि तिला तू दाखवलास. ती जवळ गेली, चष्मा शोधला, परत जवळ गेली. तू झोपला होतास. ती म्हणाली, “हा उताणा कधीच झोपत नाही. याला तिथे नीट वळवणारं कुणी नाही.” आणि कोटाची बटणं लावायला लागली.

मी तिला बसवलं, कॉफी दिली आणि सरळ विचारलं. तौनोची छाती उघडायची आहे, बरं व्हायला त्याला बरेच दिवस लागतील. तोवर इथे एकटी राहशील, की जिथे दिवसरात्र माणसं असतात अशा ठिकाणी राहशील? तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली की आवाज आला तर तिथे कुणीतरी येतं का. मी म्हटलं, येतं. तिनं विचारलं की तौनोला वाईट वाटेल का. मी म्हटलं, हो, वाटेल. ती म्हणाली, “मग तू विचार त्याला. मी नाही विचारणार, मी विचारलं तर तो नाही म्हणेल आणि घरी येईल.”

म्हणून मी विचारतेय. तालुक्याला मी अजून फोन केलेला नाही. औलूतच, तुझ्या इस्पितळापासून जवळ एक जागा मिळू शकते असं वाटतं, पण ते विचारायलाही फोन करावा लागेल. पुढे काय होईल याचं वचन मी देत नाही, दोन आठवडे असं तर मुळीच म्हणत नाही. तुझं उत्तर येईपर्यंत मी इथेच आहे. खुर्ची मी दारापासून हलवली होती, ती परत तिथे नेऊन ठेवलीय तिनं.

मेर्वी

*

औलू, १९ जानेवारी

प्रिय मेर्वी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा नर्सला वाचून दाखवायला लावलं, कारण अक्षरं दिसेनात.

फोन तू करायचा नाहीस. मी केला. तालुक्याच्या त्या बाईंना सगळं सांगितलं, शेगडीचं, घंटेचं आणि खुर्चीचंही. त्यांनी फाइल उघडली असणार, पण आवाजावरून माणूस बरा वाटला. औलूची जागा आहे. सोमवारी घेतील. माझी छाती मंगळवारी उघडायची ठरली, सही केली.

सोमवारी लेम्पीला तिथे पोचवण्याआधी इकडे घेऊन ये. भेटीच्या वेळा बघू नकोस, मी बोलून ठेवलंय.

तो लॅपटॉप तोवर टेबलावरच राहू दे. मी कॅमेरा माझ्याकडे वळवून घेतलाय आणि जागा आहे. तिला समोर बसव. तिला सांग की माझे हातही थरथरतायत, ते तिनं बघावेत.

तौनो